लोकेशन टाका

बोट गेली गणपतीआधीच,
इंजिनासकट, जाळ्यांसकट, नावासकट.
उरला फिशफाइंडर,
पाण्याखाली काय फिरतंय ते दाखवणारा
सात इंची पडदा,
माळ्यावर, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला.

फोनवरून लिलावाला लावला.
पहिल्या फोटोत पडद्याच्या काचेत
आमचं दार उमटलं होतं, दारावरचं आडनाव,
आणि उंबऱ्यात मधुरा, शाळेच्या गणवेशात.
तो पुसून टाकला.
दुसरा काढला गोणपाटावर ठेवून.
यंत्राच्या पाठीवरचा नंबर
कॅलेंडरमागे लिहून ठेवला, दुधाच्या हिशेबाखाली.

सात दिवस बोली चढत राहिली.
शेवटच्या दहा मिनिटांत माझा भात करपला.
जिंकला 'दर्याराजा ७७'.
नाव नाही, गाव नाही, तोंडाच्या जागी वाघ.

"ताई, उद्या घरूनच उचलतो. लोकेशन टाका."
आणि लगेच, "दुपारी घरी कोण असतं?"

सरळ असेल विचारणं.
दार उघडायला कुणीतरी हवं, एवढंच असेल.
पण हे लोट्याला कारखान्यात, शनिवारी येतात,
आणि आमची आळी दुपारची
काठीवरच्या बोंबलांसारखी गप्प.
त्या वाघावर फिशफाइंडर धरता येत नाही.
खाली किती वाव पाणी,
कळायला मार्ग नाही.

लिहिलं, हर्णै बंदरावर या. साडेचारला. लिलावात.
"कुठला लिलाव?"
म्हटलं, खरा.

जिथं बोली लावणाऱ्याचं तोंड दिसतं, दात दिसतात,
कुणी कुणाचे बुडवले ते सगळ्यांना पाठ असतं.
जिथं बैलगाड्या पोटापर्यंत भिजून वाळूवर चढतात
आणि हमीदचाचा महालदार
सुरमईच्या ढिगापाशी घसा फोडत असतात.
त्यांच्या कानावर सकाळीच घातलं होतं.
म्हणाले, "माझ्या काट्यापाशी उभी राहा, बाय.
आणि पैसा दिसल्याशिवाय पिशवीची गाठ सोडू नको."

आला सव्वापाचला.
मिसरूड फुटलेला, पायात शाळेतले बूट.
"चालू करून दाखवा."
बर्फाच्या टेम्पोची बॅटरी मागून घेतली,
तार सोडली कोळंबीच्या पिंपात.
पडदा उजळला, एक रेघ थरथरली.
तो हसला. मी नाही हसले.

त्यानं फोन दाखवला, हिरवी खूण : पैसे गेले.
माझा फोन गप्प.
"गेले ना, ताई, हे बघा."
तुझे गेले असतील, बाबा. माझ्याकडे यायचेत.
वाळूवर रेंज असते, नसते.
पंचवीस मिनिटं आम्ही दोघं
एकमेकांकडे न बघता उभे.
चाचांनी तेवढ्यात तीन ढीग विकले,
प्रत्येक बोलीला एक डोळा आमच्यावर.

तेव्हा दिसली ती,
काजूच्या गाडीआड, स्कूटर चालूच ठेवून,
हेल्मेट न काढता, फोन आमच्यावर रोखून उभी.
पोटात गोळा आला. म्हटलं, ही कोण?
तो कानापर्यंत लाल.
"बहीण. आईनं एकट्याला सोडलं नाही.
म्हणाली, बायको पुढं करतात
आणि मागनं चौघं येतात."

माझा फोन वाजला. खातं उघडून पाहिलं. आले होते.
मासळीच्या पावतीमागे लिहून घेतलं :
सुयोग भुवड, पालशेत, वस्तू पाहून मिळाली.
सहीवर खवला चिकटला तो तसाच राहिला.
फेरीबोट चुकेल म्हणून दोघं पळाली.
मी घरी गेले बाजारातून, देवळाच्या मागून,
दोनदा वळून बघत.

नवव्या दिवशी रात्री फोटो आला.
निळा पडदा, नऊ वाव, खाली शुकशुकाट.
"ताई, मासेच नाहीत."

सासऱ्यांची खूण होती, आमच्या घराबाहेर गेली नव्हती.
बोटच नाही, तर ठेवून काय करायची?
लिहिलं : किल्ल्याचा बुरूज दीपगृहाआड जाऊ दे,
मग दक्षिणेला, विडी संपेपर्यंत.
तिथं टाक.

तो म्हणाला, मिळाले तर पापलेट आणून देतो,
घर कुठं तुमचं?

म्हटलं, चाचांच्या काट्यावर ठेव.