पान अकरावर बदक काय म्हणतं

हॅलिफॅक्सच्या वाचनालयाच्या तळघरात,
जिथे हीटर फक्त आवाज करतो,
मी फाटकी पुस्तकं सांधते. मंगळवारी आणि शुक्रवारी.
खळ, ब्रश, पातळ कागदाच्या पट्ट्या,
शेजारी डोरीन अ‍ॅक्रॉइडचा विसरलेला चहा.

आज ते पुन्हा आलं. माझ्या हातून पाचव्यांदा.
डोक्यावर खुर्ची घेऊन निघालेलं बदक.
पाठ उसवलेली, कोपरे चावलेले,
चावणारे आता घराचे हप्ते फेडत असतील.
पान चारवर जॅमचा अंगठा आहे,
तो मी मुद्दामच राहू देते.

गोष्ट म्हणाल तर एवढीच:
बदकाला बसायला जागा हवी.
टेकडीवर वारा. बाजारात धक्के.
कालव्याकाठी एक म्हातारा आधीच गळ टाकून.
ते खुर्ची ठेवतं, उचलतं, चालू लागतं.
शेवटच्या पानावर चंद्र आहे, खुर्ची आहे,
आणि बदक उभं.
का बसत नाही, ते लिहिणाऱ्यानं सांगितलं नाही.
सांगितलं असतं
तर केव्हाच रद्दीत गेलं असतं हे, असं मला वाटतं.

आतल्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के:
जांभळे, मग काळे, एक उलटा.
बासष्टचा मार्च, लगेच एप्रिल, लगेच मे;
कुणाचं तरी पोर ऐकत नव्हतं.
आणि खाली, किंचित तिरका, माझा:
चौदा नोव्हेंबर सत्त्याऐंशी.
इंग्रजी तेव्हा मला दुकानापुरतं यायचं.
सुश्रुत तीन वर्षांचा. चित्रावर बोट ठेवायचं
आणि मराठीत लोटून द्यायचं,
अडलं तिथे घरचं काहीतरी घालून.

परवा रात्री त्याचा फोन, अ‍ॅबर्डीनहून.
मागे त्याची लेक भोकाड पसरलेली.
"आई, पान अकरावर बदक काय म्हणतं गं?
नवी प्रत आणलीय, त्यात ते वाक्यच नाही.
गाळलंय वाटतं मेल्यांनी."

मी पटकन म्हटलं,
"मी कुठं दमलोय? खुर्ची दमलीय, म्हणून थांबलोय."
तिकडे त्यानं तिला ते तसंच म्हणून दाखवलं,
माझ्याच हेलात.
ती म्हणाली, "नो."
पण रडायची थांबली.

आज उघडून पाहिलं. पान अकरा.
धुकं, बदक, खुर्ची.
शब्द एकही नाही. कधीच नव्हता.
टॉफीच्या कारखान्यात रात्रपाळीला गेलेल्या माणसाची
वाट बघत बसलेल्या एका बाईला
तेवढं बोलावंसं वाटलं होतं, इतकंच.

डोरीनला सांगितलं. वाटलं, हसेल.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली,
"आमचं बदक तिथे शिंकायचं.
म्हणजे, बाबा शिंकायचे. दरवेळी, मोठ्यांदा.
ते गेले त्या वर्षी
मी दोन पानं एकदम उलटायचे."
मग तिनं तो गार चहा पिऊन टाकला.

नियम असा की पेन्सिलीच्या खुणा खोडायच्या.
पान अकरावर, खुर्चीत,
कुणीतरी एक मांजर बसवलंय. कान तीन.
खोडरबर घेतलं. ठेवलं.

सुश्रुतला अजून खरं सांगितलेलं नाही.
पाठीला नवी पट्टी लावलीय,
पुस्तक फळ्यांमध्ये, वर दोन विटा.
शुक्रवारपर्यंत, खळ वाळेतो,
बदकाला कुठे जायचं नाहीये.