नियम चौथा

बाबाजीपुऱ्यातल्या शाळेचा दुसरा मजला, मराठी माध्यम,
तिसरीच्या पटावर एकोणीस, आज हजर अकरा.
संगणक सात, चालणारे चार,
त्यातल्या एका माउसचं डावं बटण इतकं झिजलंय
की मुलं त्यावर एक बोट ठेवतात
आणि बोटावर दुसऱ्या हाताचा अंगठा दाबतात,
डबीचं घट्ट झाकण बसवावं तसा.

मी त्यांच्या मागे, बालवाडीच्या बुटक्या खुर्चीवर.
हातात स्टॉपवॉच, मांडीवर तक्ता :
कार्य पूर्ण झाले का. लागलेला वेळ. चुकीच्या क्लिक.
पुण्याहून आलेल्या सूचनांत नियम चौथा ठळक टाइपात :
निरीक्षकाने कोणत्याही परिस्थितीत मदत करू नये.
मूल वळून बघेल. हसू नये. मान हलवू नये.

तन्वेश माने.
पडद्यावर, ‘उर्वरित आंबे टोपलीत ओढा.’
उर्वरित. त्यानं तीनदा वाचलं, ओठ हलवत,
मग टोपलीच धरली
आणि न्यायला लागला आंब्यांकडे.
टोपली हलेना.
खंडेराव मार्केटात आजवर
टोपलीच गेली असेल ना त्याची, आंब्यांपाशी?
चुकीच्या क्लिक, चौदा.

धैर्य सुर्वे मुद्दाम चुकत होता.
बरोबर उत्तराला एक तारा मिळायचा, गप्प, पिवळा.
चुकलं की पोपट फांदीवरून धाडकन खाली.
बारा गणितं, बारा पोपट.
मी शेरा लिहिला : पोपटाची मजा कमी करावी,
नाहीतर ताऱ्यालाही पडू द्यावं.

मग हिरल जगदाळे.
तिच्याच संगणकाला स्पीकर, तोही धडधाकट.
पहिलं उत्तर चुकलं, भोंगा वाजला,
आणि एक बाई इस्त्री केलेल्या आवाजात म्हणाली,
‘आपले उत्तर अयोग्य आहे.’
सगळ्या माना वळल्या.
‘अयोग्य म्हंजे?’
‘खोटं,’ शेजारची म्हणाली. ‘तुझं खोटं पडलं.’

बडोद्यात चुकलेल्या गणिताला खोटंच म्हणतात,
मलाही म्हणायचे, दांडियाबाजारात, तिसरीत.
पण पुण्यात नऊ वर्षं काढलेल्या कानाला
ते आज निराळंच लागलं,
जणू पोरीनं कुणाची वस्तू लपवली होती.

हिरलनं गणित सोडलं.
दातेरी चाक दाबून पाहिलं, घर दाबलं, प्रश्नचिन्ह दाबलं,
पडद्याचे चारी कोपरे चाचपले.
वळून माझ्याकडे बघितलं.
मी स्टॉपवॉचकडे.
मग ती खुर्चीवरून उतरली, टेबलाखाली शिरली,
आणि आतून काहीतरी सटकल्याचा आवाज आला.
वर आली तेव्हा वेणीला जळमट होतं
आणि हातात स्पीकरची वायर.
ती तिनं मांडीखाली दाबली.

त्यानंतर नऊ गणितं. सात बरोबर.
दोन कुठली चुकली
ते तिला आणि मला ठाऊक.

कार्य पूर्ण : होय.
वेळ : सहा मिनिटं चाळीस सेकंद.
हा आकडा वर पोचेल तेव्हा ‘संथ’ या रकान्यात पडेल.
मी लिहिलं, आवाज बंद करायचं बटण सापडत नाही, गंभीर दोष.
मग ‘सापडत नाही’ खोडून ‘नाही’ केलं.

शेवटच्या पानावर पाच चेहरे,
रडक्यापासून हसऱ्यापर्यंत.
हे सॉफ्टवेअर तुम्हाला कसे वाटले?
बाकीच्यांनी पटापट हसरा दाबला,
तन्वेशनंसुद्धा, आंबे तसेच बाहेर ठेवून.

हिरलचं बोट चेहऱ्यांवरून फिरत राहिलं.
खाली मैदानात सुटीची घंटा झाली, जिना दणाणला.
ती मागे वळली, अगदी हळू आवाजात,
‘बाई, कोणतं दाबू?
कोणतं दाबलं तर तुमाला कोणी रागावणार नाही?’

स्टॉपवॉच बंद करायचं राहून गेलं होतं.