गैबूई

एसटीने एक रात्र आणि अर्धा दिवस,
एवढा लांब आहे समुद्र उदगीरपासून.
तरी ती इथे आहे,
प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, तिसऱ्या फळीवर,
लोणच्याच्या धुतलेल्या बरणीत,
स्पिरिटमध्ये.

बोटाच्या पेराएवढी. शंख नाही.
पाठीवर उघडे कल्ले होते म्हणायचे,
आता नुसता सुरकुतलेला झुपका.

आई म्हणायची, गोगलगाय अन् पोटात पाय,
आवाज खाली आणून, शेजारच्या कुणाबद्दल तरी.
पुस्तकात पहिल्यांदा उदरपाद हा शब्द वाचला
तेव्हा वर्गात मी एकटीच हसले होते.
अर्धं वर्गीकरण आईने आधीच करून ठेवलेलं.

उरलेलं अर्धं मला सहा वर्षं पुरलं.
दात मोजले. सूक्ष्मदर्शकाखाली, जिभेच्या पट्टीवर
किती रांगा, रांगेत किती, मधला आहे की नाही.
दोनदा कुळ बदललं.
नर की मादी, हा रकाना तसाच सोडला,
ती दोन्ही असते.

मग तिकडून पत्र आलं:
जिवंतपणी रंग कोणता?

फोटो नव्हता. माझा फोन त्याच खडकांत बुडाला होता,
पोरं लाटांमागे पळत होती,
आणि बादली धरून बसले होते गैबूमामा,
आमचे परिचर, आयुष्यात पहिल्यांदा समुद्रावर आलेले,
समुद्राकडे पाठ करून,
बादलीत बघत.

मी विचारलं. ते बेसिन पुसत होते.
"करडईचं फूल असतंय का मॅडम,
आजचं न्हाई, परवा उमललेलं.
तसं. अन् कडंनं,
अंबाडीच्या फुलाच्या बुडाला असतंय ते."
फडकं पिळलं. "हात लावला की
शिंगं आत घ्यायची. लाजून न्हाई बरं. हिशेबानं."

मी लिहिलं: पिवळसर नारिंगी, कडा गडद जांभळी.
खोडलं. पुन्हा तेच लिहिलं.
त्या भाषेतल्या करडईला परवा नसतो.

स्वतःचं नाव देत नाहीत, तसा रिवाज आहे.
पुरुषाचं दिलं तर शेवटी ई लागते.
गैबूई.
जिभेवर रुईसारखं हलकं वाटलं.

मस्टरवर ते गयबु. रेशनकार्डावर गैयबू.
पेन्शनच्या कागदात गणबू,
त्यासाठी लातूरला चार खेपा झाल्या, पाचवी सोमवारी.
मी म्हटलं, मामा, आधीचं नाव, तिचं आडनाव म्हणा,
उद्या कुणीही बदलेल.
हे मात्र राहतं.
"अन् चुकीचं छापलं तर?"
तरी. बहुतेक.

त्यांनी कागद खिडकीकडे धरला,
एकेका इंग्रजी अक्षरावर बोट ठेवत गेले,
जी, ए, आय,
शेवटच्या आयवर बोट थांबलं.
"ही माझी न्हाई."
ती तिची, मी म्हणाले.

ते काही बोलले नाहीत.
उठून बरणी उजेडात धरली,
झाकण घट्ट फिरवलं, परत उघडलं.
"बोटभर उडालंय," म्हणाले,
"हिच्यात घालावं लागंल."