सर्वांत लांबचा पियानो

पियानो जुळवणं हा माझा धंदा.
लाक्सेल्वहून वर, जिथवर रस्ता जातो तिथवर,
जिथवर कुणा कोळ्याच्या बायकोनं
हट्टानं बोटीतून पियानो उतरवून घेतला, तिथवर.
माझी डिझेल गाडी तीन लाख ऐंशी हजार किलोमीटर चालली
आणि आता चढावर खोकते.

सिंद्रे म्हणाला, विजेचीच घ्या, सगळे घेताहेत.
त्याच्या दुकानात छान ऊब होती
आणि काचेवर आकडा चिकटवलेला: चारशे सत्तर.
हा कुठल्या महिन्यातला आकडा, मी विचारलं.
प्रामाणिक मुलगा. म्हणाला, जूनमधला.

शेजारच्या इस्साटकडे ती गाडी दोन हिवाळे आहे.
अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं,
पण उणे अठ्ठावीसला
अंथरूणच आखडतं, तो म्हणाला,
आणि चावी माझ्यापुढे सरकवली.
आठवडाभर घेऊन जा. मग बोल.

आधी मी मागच्या वर्षाची वही काढली.
शाळा, चार किलोमीटर.
वृद्धाश्रम, सात. मंद्रातल्या तारा दर महिन्याला उतरतात.
चर्च, एकोणीस.
पुन्हा शाळा. पुन्हा शाळा, कुणीतरी आत पेन्सिल टाकली.
पानंच्या पानं उलटली,
साठच्या पलीकडे गेलेच नव्हते मी.
आणि मला आपलं वाटत होतं
की जन्मभर लांबच जाते आहे.

फक्त एक ओळ:
मेहामन. तोरुनचा पियानो. फेब्रुवारी.
जायला सव्वादोनशे, यायला तेवढेच.
त्या एका ओळीसाठी
मी वीस वर्षं टाकीभर डिझेल
घेऊन हिंडले शाळेपर्यंत.

तर मग तिथेच गेले, इस्साटच्या गाडीतून.
घाट वाऱ्यानं बंद. बर्फ ढकलणाऱ्या गाडीमागे
अकराजणांची रांग, अडीच तास.
पुढचा ट्रक गुरगुरत होता, मागचाही,
आपापल्या पोटातली आग सांभाळत.
माझ्याकडे नुसता आकडा. एकेचाळीस.
हीटर कमी केला, पायांवर घोंगडी घेतली.
अडतीस. चौतीस.
माणूस इतक्या टक लावून
फक्त तापमापकाकडे बघतो, घरात तान्हं आजारी असताना.
आणि त्या शांततेत ऐकू आलं,
पंख्याचा सूर: पांढरी पाच,
केसभर उतरलेली.
एवढ्या वर्षांत कुठल्याच गाडीनं
मला तिचा सूर ऐकू दिला नव्हता.

नऊ टक्क्यांवर पोचले.
गावातला एकमेव चार्जर बंद.
तोरुननं स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडली,
फटीत जुनी मोज्यांची जोडी कोंबली
आणि म्हणाली, ही काही सकाळपर्यंत भरत नाही.
नाहीच भरली. दोन रात्री राहिले.
एरवी मी तारा ताणून, पैसे घेऊन
रात्रीच निघायची;
मी जुळवलेला पियानो वाजतो कसा
हे त्या घरात कधी ऐकलंच नव्हतं.
ती वाईट वाजवते. मनापासून.
इकडे शुक्रवारची शाळा बुडाली, तेवढी मजुरी गेली.
तेही वहीत लिहिलं. खोटा हिशेब कशाला?

लोकांना ठाऊक नसतं,
पियानोत एकही पंचम पुरता शुद्ध नसतो.
प्रत्येकाकडून केसभर काढून घ्यावं लागतं,
तेव्हा कुठे सगळ्या पट्ट्या वाजवण्याजोग्या होतात.
एकच पंचम शुद्ध ठेवायचा हट्ट धरला
तर तो गोडवा दुसरीकडे कुठेतरी
लांडग्यासारखा ओरडतो.

सोमवारी दुकानात गेले.
मोठी बॅटरी घ्या, सिंद्रे म्हणाला, मेहामनसाठी.
नको, म्हटलं, मधली पुरे.
मेहामनला दोन रात्री लागतील, लागू देत.
तो कागद आणायला उठला.
थांब, इतक्यात नको.
बाहेर काढ ती, दारं लावून घे,
मला जरा एकटीला बसू दे आत.
ही कुठल्या पट्टीत आहे ते ऐकते.