कुंतल केशभूषा, एक खुर्ची

मेहंदीत बुडालेले हात घेऊन
फोन कोपरानं उचलून बघा एकदा.
मी सहा वर्षं बघितला.
खुर्चीतली बाई म्हणते, घ्या की, माझं काय जातंय,
आणि तिचंच जात असतं,
कपाळावर ओघळ, कानामागं डाग.

म्हणून प्रज्योतनं, माझ्या भाच्यानं,
दिवाळीच्या तोंडावर एक आवाज बसवून दिला.
महिन्याला दोन फेशियलचे पैसे घेतो.
'नमस्कार. कुंतल केशभूषामध्ये आपले स्वागत आहे.
आपणास कोणती सेवा हवी आहे?'
एवढं शुद्ध आमच्या गल्लीत
कुणी बोललं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात बायका बिचकल्या.
'तू कोण गं? शोभना कुठं गेली?'
तिनं लिहून ठेवलं, ग्राहकाचे नाव: शोभना.
संकपाळकाकू म्हणाल्या,
'चारला येतो बघ, भुवया तेवढ्या वढून दे.'
तिनं लिहिलं: पुरुष ग्राहक. सेवा: भुवया.
आता तिला कोण सांगणार,
की इथं बायका येतो म्हणतात, जातो म्हणतात.
मीसुद्धा. लिहिताना तेवढी होते लिहिते.

आप्पांच्या दुकानात फोन नव्हता.
गंगावेशीत एक बाकडं होतं,
पुढं किती जण आहेत ते बाकडंच सांगायचं.
घाई असणारा दूध घालून परत यायचा.
एखादा नुसताच बसायचा, तासभर,
आणि केस न कापता उठून जायचा.
आप्पा त्यालाही मान हलवायचे.

मंगळवारी चहा उकळेपर्यंत
रात्रीची यादी बघत होते.
अकरा चाळीस. पुरुष ग्राहक.
सेवा: आरसा.
वेळ: दुकान बंद झाल्यावर.

बटण दाबलं.
'मशीनच हाईस न्हवं? मग सांगतो.
चाई पडलीया मला. रुपयाएवढी हुती,
आता वाटीएवढी झालीया.
आरसा झाकता येतो का तुमच्यात?'
'क्षमस्व. ही सेवा यादीत नाही.
आपली विनंती नोंदवली आहे.'
'बरं. नोंदव बाई.'
आणि फोन न ठेवता ती तशीच.
एकवीस सेकंद. मी परत लावून मोजले.

वैजयंता सुतार. केएमटीची कंडक्टर.
याच खुर्चीत बसून तिनं मला
सासू सांगितली, सुट्ट्याची भांडणं सांगितली,
खोटा पास दाखवणारं पोरगं रडलं कसं, ते सांगितलं.
हे नाही.
सहा महिने फिरकली नव्हती.
मला वाटलं, पलीकडं एसीवालं पार्लर झालंय, तिकडं जात असणार.
रस्त्यात दिसली तेव्हा मी मुद्दाम
भाजीवाल्याशी बोलत राहिले होते.

आठला शटर अर्ध्यावर ओढलं.
आप्पांचं पांढरं कापड आरशावर टाकलं.
बायकांनी चिकटवून विसरलेल्या टिकल्या
कापडाखालनं बारीक उठून दिसत होत्या.
ती वाकून आत आली. स्कार्फ सोडला.
मी काही बोलले नाही, तीही नाही.
चाईवरनं बोट फिरवलं,
तान्ह्या पोराच्या टाळूसारखी मऊ जागा.
मग उरलेले केस कापत गेले,
कमी, अजून कमी,
हातालाच दिसत होतं कुठं थांबायचं.

मध्येच फोन वाजला.
'मॅडम सध्या कामात आहेत.'
वैजयंता म्हणाली, 'लई ग्वाड बोलती गं.
पर काय कळत न्हाई तिला.'
मी म्हटलं, व्हय.
खांद्यावरचे केस झटकले.

जाताना कापडाचा एक कोपरा
तिनं स्वतःच उचलला, बघितलं, परत सोडला.
'पुढच्या मंगळवारी येतो.'

मग यादी भरायला बसले.
सेवा: आरसा. दर:
रकाना रिकामा चालत नाही,
शून्य घातलं की लाल होतो.
एक घातला.
ती पायरीवरनं वळली, म्हणाली, किती?
सांगितलं.
हसली, आणि कातडी पिशवीत हात घालून
न बघता, नुसत्या बोटांनी चाचपून,
बरोबर रुपयाच काढला.