दोन सूत आखूड

पुणे रोडला, बाळ्याच्या पुढं
नवं हॉटेल होतंय. डिझायनर बाई म्हणाल्या,
"मिस्त्री, मला गुत्त्याचा फील पाहिजे.
जुनं लाकूड, मातीचा रंग, कंदील.
माणसं बसली की गप्पा झाल्या पाहिजेत."
गप्पांचं माप काही त्यांनी दिलं नाही.

म्हणून टेप खिशात घालून
इस्तारीच्या शिंदीच्या दुकानात गेलो.
तसा रोजच जातो,
त्या दिवशी कामावर होतो.

बाक सात फूट, उंची सोळा इंच.
फळी बंद पडलेल्या मागाची,
कडेला धोट्यानं घासलेली खाच,
बोट आपोआप तिथं जातं.
भिंत कधीकाळी निळी,
आता पाठींच्या रंगाची.
शेंगाचटणी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवर,
तेलानं नवरदेवाचं नाव आरपार दिसणारं.

अंबादास तोच किस्सा सांगत होता.
चादरीत मोर विणायचा होता, एक कार्ड उलटं लागलं
आणि मोर निघाला मागं बघणारा.
सोमवारी शेठनं हाकललं,
गुरुवारी त्याच चादरीला बक्षीस.
"परवा तर दोन मोर होते बे," दस्तगीर म्हणाला.
"परवा पैसे तू दिल्तास."

तेवढ्यात मल्लिनाथ म्हणाला, "उठतोय रे."
आणि बाकावरचे तिघं
किस्सा न तोडता, ग्लास न सांडता
वीतभर अलीकडं सरकले.

मी वाकून बघितलं.
डावा पाय दोन सूत आखूड.
न सांगता कुणी उठलं की
बाक कलतो, सगळ्यांची शिंदी जमिनीला.
वीस वर्षं बसतोय मी यावर.
सुतार असून.

"नीट करून देऊ?"
इस्तारी आधी तेलुगूत काहीतरी पुटपुटला.
मग म्हणाला, "बापानं एकदा विटकर लावलं होतं.
लोकं मुकाट्यानं उठून जायला लागले.
काढून टाकलं."
खरं-खोटं त्यालाच माहीत.

हॉटेलात बारा बाक दिले.
बाईंनी लेव्हल लावून अकरा तपासले,
मग त्यांना फोन आला.
बारावा मी कोपऱ्यात, कंदिलाखाली सरकवला.

काल मॅनेजर म्हणाला,
"एक बाक हलतोय, मिस्त्री. गिऱ्हाईकाच्या अंगावर सूप सांडलं."
म्हटलं, येतो.
मग विचारलं, शेजारचा उठताना
काही बोलला होता का?
फोनवर बराच वेळ
नुसता मिक्सरचा आवाज.