पाचव्या दिवसाचं पाणी

सूत आलं ते ऐन मे महिन्यात,
पुठ्ठ्याच्या शंकूंवर, भुरकट,
वाळल्या कडब्याच्या रंगाचं.
चिठ्ठीवर लिहिलेलं : जवस.
इरप्पा जॉबर हसला, "चटणीचं सूत काय बे हे?"
मग धागा नाकाशी नेला
आणि गप्प झाला.
त्याच्या गावी ओढ्यात अंबाडी भिजत घालायचे,
कुजल्यावर सोलून काढायचे, वळायचे,
बैलाचं दावं व्हायचं त्याचं.
"हिचीच चुलत बहीण आहे की ओ," म्हणाला,
"नुसती गोरी."

चिट्याल शेठनी मोबाईलवर दाखवलं :
बर्फावरून घसरायच्या दोन लांब पट्ट्या,
टोकाला वर वळलेल्या, पायांना बांधायच्या.
पोटात पॉपलरची पातळ फळी,
तिच्या वरखाली आपलं कापड,
डिंकासारख्या रसात बुडवून दाबलेलं.
काचेच्या धाग्याहून हलकं, म्हणे.
डोंगर चढताना ग्रॅम ग्रॅम मोजतात ते लोक.
मी विचारलं, खालीच यायचंय तर चढायचं कशाला?
"राजमणीअक्का,
तुम्ही कांड्या भरा."

आमच्या मागांना चादरींची सवय.
जाड सूत, मोर, कमळ,
दणादण ठोकून बसवायचं.
हे सूत ठोकलेलं सहन करीना.
अक्कलकोट रोडचा पत्रा, त्रेचाळीस डिग्री,
कोरडं पडलं की कट्.
चार बोटं विणलं की कट्.
इरप्पाची बोटं गाठी मारून सोलली.
पण ओलं केलं की शहाणं,
ओलं केलं की उलट बळकट.
कापूस असा, ताग तसा,
हे आम्हाला ठाऊक होतं.
जवसाचं कोण सांगणार?
आम्ही त्याला भाकरीबरोबरच ओळखायचो.

मग गोणपाटं भिजवून टांगली मागाभोवती.
दुपारी वाळायची, परत भिजवायची.
आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी,
पहाटे अडीचला, तासभर,
तेही बोटाएवढी धार.
घागरी, पिंप, कुकर, नातवाची बाटलीसुद्धा भरून ठेवायची.
त्यातली एक घागर मी रोज रिक्षात मांडीवर घेऊन जायची.
सून म्हणाली, आत्या, पिंप तिसऱ्या दिवशीच कसं संपतं?
म्हटलं, उन्हाळा गं.

बर्फ मी फ्रीजमध्येच पाहिलाय,
चिट्याल शेठच्या, तोही खरवडून काढताना.
पण कांडी भरताना मनात यायचं,
हे माझं पाणी सुतात शिरतंय,
सूत कापडात, कापड फळीवर,
आणि फळी जाणार ती पुन्हा पाण्यावरच,
गोठलेल्या, मैलोगणती,
तिथं कुणी पहाटे अडीचला उठत नसेल.

दिवाळीनंतर एक तुकडा परत आला.
टोकाकडचा, हातभर, करवतीनं कापलेला.
सुताच्या काट्यावर घातला : कवडीमोल वजन.
टिचकी मारली, वाजलाच नाही.
थरथर आतल्या आत पिऊन घेतो, शेठ म्हणाले,
म्हणूनच तर जवस.
वरच्या चकचकीत रसाखाली कापड दिसत होतं,
सरळ, तिरकं, सरळ,
आणि एका जागी लाल पेनानं गोल.
गोलात गाठ.
माझी कांडी संपलेली जागा.

कुणी रागावलं नाही.
पुढच्या खेपेला गाठ मागच्या बाजूला घ्या, एवढंच.
तुकडा मी मागून घेतला.

आता तो आमच्या मोरीत असतो.
चौथ्या दिवशी पिंपाचा तळ लागतो,
तांब्या नुसता खरडतो,
तेव्हा ते वळलेलं टोक मागून पिंपाखाली सरकवते,
गाठ वर करून.
पिंप कलतं.
तळचं उरलंसुरलं पाणी
काही न बोलता
घसरत पुढे येतं.